मिनियनची टोपी : माप आणि डोळे

मिनियनची (त्या सिनेमातल्या पिवळ्या कार्टूनची) क्रोशाची टोपी मस्तच झालीये ताई, पिवळा रंग अगदी बरोबर मिळालाय! एका वर्षाच्या भाच्यासाठी माप कसं धरायचं असं विचारलंय ना, तर त्या वयात डोक्याचा घेर साधारण ४५-४६ सेंमी असतो आणि टोपी २-३ सेंमी कमीच ठेवायची कारण ती ताणली जाते, म्हणजे डोक्यावरची गोल चकती १४ सेंमी व्यासाच्या आसपास झाली की टाके वाढवणं बंद, मग सरळ खाली विणत जायचं. चकती विणताना मुक्या खांबाला (क्रोशाचा आखूड टाका) दर फेरीत ६ टाके वाढवायचे, साध्या खांबाला (त्याहून उंच टाका) १२, त्याहून जास्त झाले की कडेला झालर येते (ती फ्रॉकलाच बरी दिसते).

डोळ्यांना मात्र बटणं किंवा प्लॅस्टिकचे सेफ्टी आइज (बाहुल्यांना लावतात ते तयार डोळे) नकोच, ३ वर्षांखालची पोरं सगळं तोंडात घालतात, चावून चावून निघतात ते. काळ्यापांढऱ्या दोऱ्याने भरतकाम करा नाहीतर चकत्या विणून घट्ट शिवा. गळ्याशी बांधायच्या लांब दोऱ्याही नको.

त्याच लोकरीची बाहुली करणार असाल तर क्रोशाची सुई लोकरीच्या लेबलवर दिलीये त्यापेक्षा बारीक घ्या, नाहीतर भोकांतून आतला कापूस दिसतो. आणि मुंबईत राहणाऱ्या बाळाला टोपी कॉटनचीच द्या हो, अ‍ॅक्रिलिकच्या (कृत्रिम) लोकरीत फोटोपुरतं ठीक, पाच मिनिटांत ओढून फेकून देतात!