सकाळची शाळा सुरू झाली आणि लेकीच्या झोपेचं सगळं वेळापत्रकच बिघडलं, काय करू?

दोन_पिल्लांची_आई (पुणे):
नमस्कार सगळ्यांना. मुलगी ५ वर्षांची, मोठ्या शिशुत आहे, आणि मुलगा चैत्रात २ वर्षांचा होईल. शाळा सकाळची झाली, आता ७:१० ची, व्हॅन ६:४० ला खाली येते म्हणजे तिला ६ ला उठवावंच लागतं. ११ ला घरी येते तेव्हा तोंड लालबुंद, दप्तर दारातच आणि ही फरशीवर आडवी. कशीबशी जेवते, झोप म्हटलं की रडारड, आणि मग बरोबर साडेपाचला सोफ्यावर बसल्या बसल्या झोपते. उठवलं तर अर्धा तास भोकाड, नाही उठवलं तर साडेसातला उठते आणि रात्री साडेअकरापर्यंत टक्क जागी. परत सकाळी ६. हे गेले पंधरा दिवस चाललंय आणि ती दिवसेंदिवस चिडकी होत चालली आहे, काल व्हॅनमध्ये बसताना रडली तेव्हा मलाच भरून आलं.

त्यात आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, दुपारी २ नंतर स्लॅब तापतो की बेडरूममध्ये बसवत नाही. दुपारी खाली सोडता येत नाही म्हणून मोबाईल हातात जातो, धाकटाही बघत बसतो, ते अजिबात पटत नाही. सासूबाई खूप मदत करतात पण त्यांचे गुडघे दुखतात, दोघांच्या मागे त्यांनी किती धावायचं. तुमच्याकडे शाळा सकाळची झाल्यावर दुपार कशी काढता, आणि हिला झोपवायचं कधी, प्लीज सांगा. आणि एक, रंगपंचमी येतेय, धाकट्याची त्वचा फार नाजूक आहे, त्याला काय लावता येईल?

विदर्भाची_आजी (नागपूर):
अगं, आमच्याकडे मार्चमध्येच उन्हाळा दारात येऊन बसतो, त्यामुळे हे सगळं दोन मुलं आणि आता नातवासोबत करून झालंय. ती ११ ला आली की लगेच ताटावर बसवू नकोस. आधी दहा मिनिटं पंख्याखाली बसू दे, थोडं थोडं पाणी, मग अंगावर तांब्याभर साधं पाणी घालायचं, फ्रिजचं नाही, आणि सुती पेटीकोट किंवा मलमलचा जुना झबलावजा फ्रॉक घालायचा. निम्मी चिडचिड तिथेच उतरते, कारण ते पोर दमलेलं कमी आणि तापलेलं जास्त असतं. मग ताकभात नाहीतर वरणभात, जड काही नको. साडेबारा ते एकच्या आत आडवी झाली पाहिजे. दीड वाजला की त्यांची झोप उडते आणि मग पुढचं सगळं तू लिहिलंस तसंच होतं.

झोप म्हणायचंच नाही. आपण स्वतः आडवं व्हायचं, खोली अंधारी करायची आणि हळू आवाजात रोज तीच एक गोष्ट सांगायची, नवीन गोष्ट सांगितली की ती ऐकायला जागी राहतात. सासूबाईंना हे बसल्या जागी करता येईल. पण अडीचला उठवायचंच, तीनच्या पुढे अजिबात नाही.

स्लॅबसाठी, गच्चीवर जायला मिळत असेल तर तुमच्या खोलीच्या वर गोणपाट अंथरून संध्याकाळी पाणी मारा, नाहीतर सोसायटीला विचारून चुन्याचा पांढरा हात मारून घ्या. चुन्याने खूप फरक पडतो, आम्ही दर वर्षी मारतो. खिडकीला वाळ्याचा पडदा लावून ओला ठेवला तर पुण्याच्या कोरड्या हवेत छान गार वाटेल.

द्राक्षवाला_बाबा (नाशिक):
आजींचं पटलं, फक्त एक वेगळा अनुभव सांगतो. आमच्या मोठीने साडेचार वर्षांची असतानाच दुपारची झोप सोडली होती आणि आम्ही तीन महिने तिला जबरदस्तीने झोपवत बसलो, रोज भांडण. मग बायकोने ठरवलं की झोप नाही, फक्त एक तास गादीवर पडून राहायचं, चित्रांची पुस्तकं चालतील, स्क्रीन नाही. आणि रात्रीचं जेवण सातला, साडेआठला लाइट बंद. पहिले चार दिवस संध्याकाळी फार रडली पण पाचव्या दिवसापासून रात्री स्वतःहून गादीवर. तुमची पण कदाचित त्याच वयात असेल. ३ ते ४ वर्षांच्या मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून १० ते १३ तास झोप सांगते, तुमची त्यापेक्षा थोडीच मोठी आहे, आणि साडेअकरा ते सहा म्हणजे साडेसहा तास, दुपारचे दोन धरले तरी कमीच पडतं. म्हणून कुठलाही उपाय करा पण साडेपाचची झोप पहिली तोडा. आम्ही पाचलाच घराबाहेर काढायचो, पायऱ्यांवर सावलीत का होईना, बाहेरच्या हवेत पोर झोपत नाही.

धाकट्याला स्क्रीन अजिबात नको, दोन वर्षांच्या आत तर नकोच. मोठीला हवंच असेल तर तो आंघोळीला किंवा झोपलेला असताना.

आणि आता द्राक्षांचा सीझन आहे म्हणून कळकळीने सांगतो, धाकट्याला अख्खं द्राक्ष देऊ नका. बरोबर घशात बसेल असा तो आकार असतो. उभे चार तुकडे करायचे, आडवे नाही. मोठीलाही उभं कापूनच द्या. आणि मिठाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून नीट धुवून घ्या. पाडव्याच्या साखरगाठीचा कडक तुकडापण धाकट्याच्या हातात नको, गळ्यात माळ घालून फोटो काढा आणि लगेच काढून ठेवा.

खाडीकाठची (रत्नागिरी):
ओल्या पडद्याचं आमच्याकडे चालत नाही हो, इथे हवाच इतकी दमट की उलट घुसमटायला होतं, पण पुण्यात चालेल. आमच्याकडे घामोळ्याचा त्रास जास्त. घामाची छिद्रं बंद होतात म्हणून ते येतं, वर पावडर थापली की अजून बंद होतात आणि ती उडून नाकातही जाते. मी पावडर पूर्ण बंद केली, दिवसातून दोनदा साधी आंघोळ आणि मानेच्या घड्या टिपून कोरड्या, एवढंच.

दुपारी साडेतीन ते पाच आमच्याकडे पाणीखेळ. बाथरूममध्ये घमेलं, गाळणी, तेलाचं नरसाळं, दोन वाट्या. पोरं तासभर गप्प असतात. पण मी दारात पाट टाकून तिथेच बसते, फोनसुद्धा घेत नाही, कारण दोन वर्षांचं मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं, आणि झालं की घमेलं लगेच उपडं.

रंगाचं विचारलंस ना, पळसाची फुलं मिळाली तर बघ, आत्ताच फुलतात, मंडईत किंवा काष्ठौषधीच्या दुकानात वाळलेलीही मिळतात. रात्री गरम पाण्यात भिजत टाकायची, सकाळी गाळलं की केशरी पाणी तयार. तरी आदल्या दिवशी धाकट्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून बघ, फुलांचीही कुणाला ॲलर्जी असते. खोबरेल तेलाचा हात आधी सगळ्या अंगाला. मोठीसाठी गंमत म्हणून हळदीचं पाणी पांढऱ्या फडक्यावर उडवा आणि वर साबण लावा, पिवळ्याचं लालभडक होतं, माझा मुलगा अर्धा दिवस तेच करत होता.

दोन_पिल्लांची_आई:
खूप खूप आभार, वाचताना डोळ्यात पाणी आलं खरंच. चार दिवस करून मग लिहितेय. अंगावर तांब्याभर पाण्याची कल्पना पहिल्याच दिवशी लागू पडली, मी इतके दिवस तिला दमली म्हणून लगेच भरवत होते. सासूबाई रोज चिमणी कावळ्याची तीच गोष्ट सांगतात, दोन दिवस एकच्या आधी झोपली, एक दिवस नुसती पडून राहिली आणि त्या दिवशी रात्री नऊलाच झोपली, म्हणजे नाशिकच्या दादांचं पण बरोबर आहे, दोन्ही चालतंय. पाच वाजता आता आम्ही मागच्या गल्लीत जातो, पिंपळाला तांबूस नवी पानं आलीत, धाकटा पडलेली पानं गोळा करून खिशात भरतो, आणि तांबट पक्षी टुक टुक करतो तो दिसेपर्यंत मोठी वर बघत उभी राहते, झोपेचं नावच नाही.

फक्त अडीचला उठवताना अजून रडते. त्याला काय करता?

विदर्भाची_आजी:
हाताने हलवू नकोस. पडदा थोडा सरकव, पंखा कमी कर आणि दारात बसून कैरी चिर. तिखटमीठ लावायच्या आत उठून येते की नाही बघ.

दोन_पिल्लांची_आई:
आली! डोळे मिटलेलेच होते पण हात पुढे.