जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन टाकू नका

घोडबंदरकर
वडिलांची १९६८ ची सीजे-थ्रीबी मॉडेलची जीप कोलशेतच्या शेडमध्ये उभी आहे. इंजिन मूळचं, ‘हरिकेन’ नावाचं पेट्रोल. मुरबाडच्या शेतावरचं भात वर्षानुवर्षं तिनेच घरी आणलं. आता इंजिन निळा धूर मारतंय, ऑइल पितंय. घरचे, शेजारचे, वागळे इस्टेटमधला मिस्त्री, सगळ्यांचा एकच सल्ला : कुर्ल्याहून जुनं डिझेल इंजिन आण आणि टाक. मी टाकणार नाही. ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनीही टाकू नये, असं मला मनापासून वाटतं.

म्हणे डिझेलला ओढ जास्त. कुठल्या डिझेलला? जुन्या जीपमध्ये सर्रास दिसतं ते २११२ सीसीचं प्युजो, ६२ अश्वशक्तीचं, टॉर्क, म्हणजे ओढ, १२० न्यूटन मीटरच्या आसपास. हरिकेनची ताकद ७५ च्या घरात आणि टॉर्क साधारण १५५, तोही २००० आरपीएमलाच. म्हणजे पैसे घालून, पुढच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर वजन वाढवून ओढ कमी करून घ्यायची.

दुसरं, कागद. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावलं. कलम १८२-अ प्रमाणे अशा प्रत्येक बदलाला ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

कळव्याचा फिटर
दादा, प्युजोचं तुमचं बरोबर आहे. पण आज प्युजो टाकतंय कोण? मी २५२३ सीसीचं डीआय, म्हणजे सिलिंडरमध्ये थेट डिझेल फवारणारं इंजिन, टाकतो. त्याचा पंप, नोझल, रिंगा, सगळं भिवंडीपासून पनवेलपर्यंत कुठेही मिळतं. हरिकेनचा एक टायमिंग गिअर शोधायला माझं गिऱ्हाईक दोन महिने फिरलं होतं. ॲव्हरेजचं म्हणाल तर पेट्रोलवर भरल्या गाडीला सात-आठ, डीआयवर बारा-तेरा आरामात. शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. तुमच्या जुन्या फ्युएल पंपाचा पडदा आणि रबरी पाइप त्यात फुगून फुटतात. तापल्या इंजिनावर पेट्रोल गळलं तर काय होईल, विचार करा.

घोडबंदरकर
इथेनॉलची भीती खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. पण त्याला उपाय पाइप आणि पडदा बदलणं हा आहे, अख्खं इंजिन बदलणं नव्हे. आणि डीआय टाकल्यावर ॲक्सलचं काय करता? माझ्या ॲक्सलचा गिअर रेशो ५.३८ आहे. ६.००-१६ च्या टायरवर ताशी ८० ला इंजिन ३१०० आरपीएमच्या वर फिरतं. डीआयचा तर तिथे दम संपतो. मग ॲक्सलमधले पुढचा-मागचा दोन्ही डिफरन्शियल बदला, शिवाय इंजिन गिअरबॉक्सला जोडायला ॲडाप्टर प्लेट, माउंटिंग, रेडिएटर, टाकीला डिझेल परत नेणारी वेगळी लाइन. ब्रेक मात्र तेच जुने ड्रम, बिनबूस्टरचे. गायमुखच्या उतारावर भात भरून कधी उतरलाय का?

कळव्याचा फिटर
उतरलोय, पुष्कळदा. डिझेल गिअरमध्ये ठेवलं की सावकाश उतरतं. आणि कागदाचं भूत उभं करू नका. माझ्या वडिलांनी १९८५ साली जीपला डिझेल घातलं. ठाण्यातच पासिंग झालं, आरसीवर ‘डिझेल’ लिहून आलं.

वाशीहून
काका, ते १९८५ होतं. तेव्हा परिवहन कार्यालयाची मंजुरी घेऊन बदल करता यायचा. कलम ५२ सन २००० मध्ये बदललं. दुसरं इंधन आता चालतं ते ठरलेल्या अटींवर कन्व्हर्जन किट बसवून. भंगारातलं इंजिन म्हणजे किट नव्हे.

माझ्या मेव्हण्याने पेट्रोल पिकअपमध्ये विनामंजुरी डिझेल टाकलं. शिळफाट्याला मागून टँकर घुसला. विम्याचा माणूस आला, बॉनेट उघडलं, ब्लॉकवरच्या नंबराचा फोटो काढला, आरसी हातात धरून दोनदा वाचली. क्लेम तिथेच संपला. गाडी आजही एमएच-४३ ची पाटी लावून तुर्भ्याला सडतेय.

तुर्भे मार्केट
हौसेला ठेवणाऱ्यांनी मूळ इंजिन जपावं, माझी हरकत नाही. पण ज्याचं पोट गाडीवर आहे त्याला हा उपदेश परवडत नाही. मी रोज पहाटे तीनला भाजी भरतो. मला दर किलोमीटरचा हिशोब लागतो.

घोडबंदरकर
तुमचा हिशोब मान्य. म्हणूनच म्हणतो, धंद्याला कंपनीतूनच डिझेल आलेली पिकअप घ्या. तिचे कागद, ब्रेक, ॲक्सल सगळं एकमेकांना धरून असतं.

आणखी एक. २०२१ च्या व्हिंटेज नियमांनुसार ५० वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, पण चेसिस, बॉडी, इंजिन बदललेलं नको.

कळव्याचा फिटर
त्या नंबरावर गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती अशाच कामांना निघते. मग भात कशात आणणार?

घोडबंदरकर
बरोबर. म्हणून मी तो नंबर आत्ता घेत नाही, दर पाच वर्षांचं नूतनीकरणच करतोय. पण माझ्या मुलीला तो घ्यावासा वाटला तर तिची वाट मी का बंद करू?

काल हेड उतरवलं. या इंजिनाचे इनटेक वाल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट ब्लॉकमध्ये असतात, त्यामुळे सगळं दिसायला वेळ लागला. तिसऱ्या सिलिंडरची रिंग तुटून भिंतीला चर पडलीय, नख अडकतं. स्लीव्ह घालून बोअर करता येईल असं लेथवाला म्हणाला. फिटरकाका, तो टायमिंग गिअर शेवटी कुठे मिळाला होता, तेवढं सांगा.

कळव्याचा फिटर
पुण्याला, एका जुन्या जीपवाल्याकडे. माणूस हयात असेल तर पत्ता काढून देतो. बोअर झाल्यावर ब्लॉक मला दाखवा, मगच रिंगा घ्या.