जुन्या साड्या ऑनलाइन विकायच्या असतील, तर खरेदी करताना काय पाहावे?

गोदाकाठ (नाशिक) यांचा प्रश्न

नमस्कार. वापरलेल्या साड्या आणि कपडे विकत घेऊन ते समाजमाध्यमांवरून विकण्याचा व्यवसाय मला घरातूनच सुरू करायचा आहे. भांडवल पंचवीस-तीस हजारांच्या पुढे नाही. नात्यातल्या आणि ओळखीच्या अनेक घरांत साड्यांनी भरलेली कपाटे आहेत, त्यामुळे माल मिळण्याची मला चिंता वाटत नाही. अडचण आहे ती निवडीची. पैठणी, कांजीवरम अशा भारी साड्यांत पैसे गुंतवावेत की रोज वापरायच्या सुती कुर्त्यांत? साडी हातात घेतल्यावर ती विकली जाईल की वर्षभर पडून राहील, हे कशावरून ओळखावे? वजनावर मिळणाऱ्या कपड्यांच्या गाठी घेण्याचाही सल्ला मला एकाने दिला आहे. अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

काठपदर (पुणे)

गोदाकाठताई, आपल्या भागात बोहारीण पिढ्यान्‌पिढ्या दारावर येत आली आहे. जुनी साडी हातात घेतल्याबरोबर ती उजेडाकडे धरते, घडी उलगडून बोटांनी ताणून पाहते आणि मगच पातेले द्यायचे की वाटी हे ठरवते. मोबाइलवर विक्री करणाऱ्यानेही खरेदी याच क्रमाने करावी, असे माझे ठाम मत आहे. आधी कापडाची अवस्था, मग कापडाचा प्रकार, त्यानंतर रंग आणि नक्षी. बहुतेक नवखे लोक नेमके उलटे करतात: मोराचा पदर पाहून हरखतात आणि घडीवर विरलेले रेशीम त्यांच्या नजरेतून निसटते.

रेशमी साडी नेहमी दिवसा आणि खिडकीपाशी पाहावी. वर्षानुवर्षे एकाच घडीत ठेवलेले रेशीम त्या घडीवर चिरते. घडीच्या दोन्ही बाजूंनी कापड चिमटीत धरून अगदी हलका ताण द्यावा; धागे सरकताना किंवा तुटताना जाणवले, तर साडी कितीही सुंदर असली तरी नेसण्यासाठी म्हणून घेऊ नये. रफू एका जागी करता येते, पण एक घडी चिरली असेल तर पुढच्या घड्याही चिरण्याच्या बेतात असतात. त्यानंतर खांद्यावर येणारा पदराचा भाग (पिनांची छिद्रे), कमरेला खोचला जाणारा भाग (घामाचे डाग), आणि जमिनीला घासणारा खालचा काठ पाहावा. फॉल लावलेला असेल तर तो एका टोकाला थोडा उसवून आतला काठ पाहण्याची परवानगी मागावी, कारण झिजलेला काठ फॉलखाली झाकला जातो. कसर लागली असेल तर बारीक छिद्रे उजेडाशिवाय दिसत नाहीत. ओला पांढरा रुमाल आतल्या कोपऱ्यावर दाबून रंग सुटतो का हेही पाहावे, विशेषतः लाल, मरून आणि गडद निळ्या साड्यांच्या बाबतीत.

डांबराच्या गोळ्यांचा वास सावलीत हवा दिल्यावर बराचसा जातो, म्हणून त्या कारणासाठी साडी नाकारू नये. बुरशीचा कुबट वास आणि त्यासोबत दिसणारे करडे ठिपके मात्र सहसा पूर्णपणे जात नाहीत.

आता आपला मूळ प्रश्न. घडी न मोडलेली किंवा एक-दोनदाच नेसलेली, ब्लाउजपीस न कापलेली साडी सर्वांत लवकर जाते, कारण घेणारीला स्वतःच्या मापाचे ब्लाउज त्याच कापडातून शिवता येते. ब्लाउजपीस कापलेला असेल तर शिवलेले ब्लाउज सोबत मिळते का, हे जरूर विचारावे. त्याच्या शिलाईत सोडलेली माया असेल तर ते वाढवून घेता येते. साधारण साडेपाच मीटरपेक्षा तोकडी साडी घेऊ नये, आणि विकण्यापूर्वी प्रत्येक साडी टेपने मोजावी. नऊवारी असेल तर ती स्वतंत्रपणे नोंदवावी. तिला गिऱ्हाईक कमी असले, तरी मंगळागौर आणि लग्नसराईच्या वेळी ते नेमके तिलाच शोधत येते.

हिशेबवही (ठाणे)

काठपदर यांनी सांगितलेली तपासणी अचूक आहे, पण पंचवीस हजारांचे भांडवल भारी साड्यांत घालण्यास माझा विरोध आहे. अशा सहा-सात साड्यांत सगळे पैसे अडकतील, आणि त्यांतील दोन जरी सहा महिने पडून राहिल्या तर नवी खरेदीच थांबेल.

खरेदीची कमाल किंमत विक्रीच्या किमतीवरून मागे मोजत आणावी. समजा, एखादी रेशमी साडी 4,500 रुपयांना जाईल. ही किंमत ठरवताना दुसऱ्या विक्रेत्यांनी लावलेले भाव पाहू नयेत. तशाच साड्या प्रत्यक्षात कितीला विकल्या गेल्या ते पाहावे, कारण मागितलेली किंमत कोणीही कितीही लिहू शकतो. ड्रायक्लीन आणि पॉलिशचे 350, फॉलचे 150, कुरिअर व वेष्टनाचे 200 असे 700 रुपये जातात. परत येणाऱ्या आणि किंमत उतरवून विकाव्या लागणाऱ्या मालासाठी दहा टक्के म्हणजे 450 बाजूला ठेवावेत. स्वतःसाठी 1,100 रुपये राहायला हवे असतील, तर खरेदी 2,250 च्या वर जाता कामा नये. म्हणजे विक्रीच्या किमतीच्या निम्मे. हे आकडे मी उदाहरणादाखल घेतले आहेत, आपल्या गावातील दर घालून हिशेब पुन्हा मांडावा.

त्याच रीतीने सुती कुर्ता पाहा. 100 रुपयांना घेतला, धुलाई-इस्त्रीचे 40, पाठवणी व वेष्टनाचे 95, जोखमीचे 45, आणि विक्री 450. हाती 170 राहतात. रक्कम लहान वाटते, पण 2,250 रुपयांत असे बावीस कुर्ते येतात, ते लवकर फिरतात आणि एखादा फसला तरी नुकसान शंभराचे असते. मात्र कुर्त्यात मापाचा प्रश्न येतो, जो साडीत नाही. लेबलवरचा आकार लिहून भागत नाही, कारण प्रत्येक कंपनीचा मध्यम आकार वेगळा असतो आणि सुती कापड धुण्याने आटते. कुर्ता सपाट ठेवून छाती, खांदा, बाही आणि उंची इंचांत लिहावी. काखेतला रंग उडाला असेल, गळा सैल पडला असेल किंवा कापडावर गोळे आले असतील, तर फुकट मिळाला तरी तो घेऊ नये.

माझी सूचना अशी की भांडवलाचे दोन तृतीयांश पैसे रोजच्या कपड्यांत घालावेत. भारी साड्या शक्यतो विकत न घेता, मालकिणीच्याच नावावर ठेवून विक्रीनंतर ठरलेला हिस्सा घेण्याच्या बोलीवर आणाव्यात. ओळखीच्या घरांतून माल मिळणार असल्यामुळे हे आपल्याला शक्य आहे. बोली लेखी असावी आणि तिच्यात किमान किंमत, मुदत व साडी खराब झाल्यास जबाबदारी कोणाची हे स्पष्ट लिहावे.

गोदाकाठ

दोघांचेही मनापासून आभार. हिस्स्याच्या बोलीची कल्पना मला पटली. एका काकूंनी त्यांची चाळीस वर्षांपूर्वीची पैठणी दाखवली. त्यांची अपेक्षा पंधरा हजारांची आहे. तिची जर (सोनेरी धागा) काही ठिकाणी काळपट झाली आहे, पण कापड घट्ट वाटते. ती हातमागाची आहे की नाही, आणि जर खरी आहे की नाही, हे मी घरी कसे पाहू शकेन?

येवल्याचा माग

आमच्या घरात पैठणी विणली जाते, म्हणून या प्रश्नाचे उत्तर देतो.

पदर उलटा करून पाहा. पारंपरिक पैठणीच्या पदरावरील मोर, मुनिया, कमळ, आसावली ही नक्षी एकेका रंगाचा धागा त्याच्या त्याच्या जागेपुरता फिरवून आणि शेजारच्या धाग्यात गुंतवून विणलेली असते. त्यामुळे पदराची उलटी बाजू जवळजवळ सुलटीसारखीच दिसते. मागे लोंबणारे किंवा कापलेले धागे नसतात. यंत्रमागावरच्या सेमी पैठणीत नक्षीमागे धागे लांबच लांब पसरलेले किंवा कातरलेले दिसतात, आणि ते बोचू नयेत म्हणून काही वेळा मागून जाळीचे कापड लावलेले असते. एक सावधगिरी मात्र बाळगावी. हातमागावर जॅकार्ड (नक्षीचे धागे आपोआप उचलणारे यंत्र) लावून विणलेल्या ब्रोकेड पैठणीतही मागे धागे दिसतात. म्हणून केवळ तेवढ्यावरून साडी यंत्रमागाची ठरवू नये. ती पारंपरिक गुंफणीची नाही, एवढेच त्यावरून म्हणता येते. हातमागावर दोन मोर कधीच तंतोतंत सारखे येत नाहीत, काठाच्या ओळीतही किंचित फरक असतो. गिऱ्हाइकाला हा दोष वाटू नये म्हणून विक्रीच्या मजकुरात त्याचे कारण समजावून सांगावे.

जरीचे तीन प्रकार ओळखता यायला हवेत. खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून तिला सोन्याचा मुलामा दिलेला असतो. टेस्टेड जरीत तार तांब्याची असून तिच्यावर चांदीचा पातळ थर असतो. तिसरी प्लास्टिकची, म्हणजे पॉलिस्टरच्या चकचकीत फितीची. मालकिणीची परवानगी घेऊन पदराच्या टोकाचा सुटा धागा काढावा आणि नखाने खरवडावा. तांबूस धातू दिसला तर जर टेस्टेड, पांढरा धातू दिसला तर चांदीची शक्यता. ज्योतीत धरल्यावर वितळून आक्रसणारी जर प्लास्टिकची. जर काळवंडली म्हणजे ती खोटी, असा समज आहे तो चुकीचा आहे. चांदीही हवेतील गंधकामुळे काळी पडते आणि तांबेही. काळवंडलेली जर घरी लिंबू, पावडर वा टूथपेस्टने घासू नये. मुलामा निघून जातो आणि साडीची किंमत कायमची उतरते.

रेशमाची परीक्षाही अशीच एका धाग्यावर होते. खरे रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की ते विझत जाते आणि राख बोटांत चुरगळते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. ‘सिल्क मार्क’चे, म्हणजे शुद्ध रेशमाची खात्री देणारे, लेबल 2004 नंतर आले आणि पैठणीला भौगोलिक मानांकनही 2010 च्या सुमारास मिळाले, त्यामुळे काकूंच्या साडीवर असे काही लेबल नसणे पूर्णपणे स्वाभाविक आहे.

किमतीविषयी एवढेच सांगतो की खऱ्या जरीची वजनदार साडी असेल, तर जुनी जर घेणारे केवळ चांदीच्या हिशेबाने तिची किंमत करतात आणि साडी जाळून धातू काढतात. अशा अनेक उत्तम पैठण्या नाहीशा झाल्या आहेत, त्यांतली नक्षी पुन्हा पाहायलाही मिळत नाही. म्हणून विनंती करतो की कापड घट्ट असेल, तर ती नेसणाऱ्या किंवा जतन करणाऱ्या व्यक्तीलाच विकावी. हातमाग आणि खरी जर या दोन्ही गोष्टी ठरल्या, तर काकूंची अपेक्षा अवाजवी नाही.

हिशेबवही (ठाणे)

गाठींविषयी उत्तर राहिले होते. वजनावर मिळणाऱ्या गाठींत अनेकदा परदेशातून आलेला माल असतो. वापरलेल्या कपड्यांची आयात आपल्याकडे निर्बंधित असून तिला परवाना लागतो. गुजरातमधील कांडल्याच्या विशेष आर्थिक क्षेत्रात असा माल वर्गवारी करून मुख्यतः पुन्हा बाहेर पाठवण्यासाठी येतो. तेव्हा गाठ कोठून आली याची कागदपत्रे विक्रेता देत नसेल, तर तिच्यापासून दूर राहावे. शिवाय गाठ उघडून पाहता येत नाही, म्हणजे वर चर्चिलेली सगळी तपासणीच निरर्थक ठरते.

कराबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. वस्तूंची उलाढाल वर्षाला 40 लाखांपर्यंत असेल तर राज्यातल्या राज्यात विक्रीसाठी सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही, परंतु परराज्यात करपात्र माल विकायचा असेल तर उलाढाल कितीही लहान असली तरी ती लागते. एखाद्या संकेतस्थळावरून विकल्यास त्याचे नियम आणखी वेगळे आहेत. नोंदणी केल्यावर वापरलेल्या मालासाठी विक्री आणि खरेदी यांतल्या फरकावरच कर भरण्याची सोय आहे, मात्र त्यासाठी खरेदीवरील कराची वजावट घेता येत नाही आणि वस्तूचे स्वरूपही बदलता येत नाही. साडीचा ड्रेस शिवून विकला तर ही सवलत गृहीत धरू नये. पहिले पार्सल राज्याबाहेर पाठवण्यापूर्वी सीएचा सल्ला घ्यावा, आणि खरेदीची तारीख, किंमत व कोणाकडून घेतले हे पहिल्या दिवसापासून वहीत लिहावे.

काठपदर (पुणे)

हंगामाविषयी थोडे लिहायचे राहिले. काळी साडी संक्रांतीनंतर कोणी विचारत नाही. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वस्त मिळते आणि डिसेंबरच्या अखेरीपासून हातोहात जाते. नवरात्रात रोजच्या रंगाची साडी नेसण्याची पद्धत कार्यालयांतही रुजली आहे, त्यामुळे करड्या, मोरपंखी, नारिंगी अशा एरवी मागे पडणाऱ्या रंगांनाही त्या काळात मागणी येते. हे नऊ दिवस हलक्या, परवडणाऱ्या साड्यांचे असतात, भारी साड्यांचे नव्हेत. इरकल मात्र बारा महिने जाते, विशेषतः जुनी, सुती अंगाची आणि रेशमी पदराची. तिचा अंगाला पदर जोडलेला सांधा मजबूत आहे ना, तेवढे पाहून घ्यावे.

काकूंच्या पैठणीची छायाचित्रे काढताना पदराची उलटी बाजू, काळवंडलेल्या जरीचा जवळून घेतलेला फोटो आणि घडीची रेघ हे तिन्ही आवर्जून द्यावेत. फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत काढावेत आणि रंग ठळक करणारी कोणतीही सोय वापरू नये. पंधरा हजार देणारी ग्राहक दोष पाहून मागे फिरत नाही. न सांगितलेला दोष घरी पोहोचल्यावर दिसला तर मात्र साडी परत येते, आणि दोन वेळा प्रवास केलेल्या जुन्या रेशमाची घडी आणखी कमकुवत होते. म्हणून ती पाठवताना धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळीने, पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळून पाठवावी आणि पार्सलचा विमा उतरवावा.