मदत हवी आहे: अर्स्किन पेरींच्या दोन भूमिकांचा मेळ लागत नाही
सर अर्स्किन पेरींवर टिपण लिहितोय, एका जागी अडलोय. ब्रिटिश काळातल्या मुंबईच्या सुप्रीम कोर्टात न्यायाधीश असताना १८४७ मध्ये खोजा आणि मेमण या मुस्लिम समाजांच्या दाव्यांत त्यांनी मुलींना वारसा नाकारणारी रूढी ग्राह्य धरली. हाच माणूस पुढे इंग्लंडमधल्या डेव्हनपोर्टचा खासदार होतो आणि १८५७ मध्ये विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता-हक्काचं विधेयक कॉमन्समध्ये (ब्रिटिश संसदेच्या कनिष्ठ सभागृहात) मांडतो!

निकालपत्र वाचून झालंय. शिक्षण मंडळातला इंग्रजी-मराठी वाद, जर्व्हिस, नाना शंकरशेट हे सगळं ठाऊक आहे, ते नकोय. लंडनला जाणं शक्य नाही, तेव्हा घरबसल्या वाचता येईल असंच सुचवा.

न्यायाधीशानं रूढी मोडू नये, कायदा संसदेनं बदलावा, अशी त्यांची आधीपासूनच धारणा होती, की १८५२ ला मुंबई सोडल्यावर मत पालटलं?