शंटिंगचं मॉडेल: कोडं मांडायचं की स्टेशन?

तापीकाठ: शंटिंगच्या (वाघिणी म्हणजे मालडबे मागं-पुढं करून जागेवर लावायच्या) रेल्वे मॉडेलसाठी भिंतीलगत 2.4 मीटर लांब, 40 सेंटीमीटर रुंद फळी टाकलीय. स्केल एचओ, म्हणजे 1:87. जो तो सांगतो, जॉन ॲलनचा 'टाइमसेव्हर' (शंटिंगच्या कोड्याची ठरलेली रूळमांडणी) घाल. मला तो पटत नाही. त्यात सांधे (रूळ फुटतात त्या जागा) मुद्दाम अडचणीचे ठेवलेत, कारण तो घड्याळ लावून खेळायचा डाव आहे. रेल्वेत हालचाली जितक्या कमी तितकं बरं. आधी माल ठरवावा, मग रूळ. मी 1970 च्या आसपासचं, धुळ्यासारखं फाट्यावरचं शेवटचं स्टेशन करतोय: मालधक्का, कापसाच्या गाठींची सायडिंग (वाघिणी उभ्या करायचा बाजूचा रूळ), कोळशाची सायडिंग आणि इंजिनाला गाडीच्या दुसऱ्या टोकाला जायला लूप, म्हणजे बाजूनं जाऊन परत मिळणारा रूळ.

सांधेवाला: भाऊ, कोडं म्हणून हिणवू नका. 'इंगलनुक' या दुसऱ्या कोड्यात फक्त दोन सांधे, तीन सायडिंग (5, 3, 3 वाघिणींच्या). आठ वाघिणींतून चिठ्ठीप्रमाणे पाच ओळीनं लावायच्या, म्हणजे 6720 मांडण्या. दीड मीटरात वर्षभर कंटाळा येत नाही. तुमची कापसाची सायडिंग चार दिवसांत पाठ होईल.

तापीकाठ: पण ती ओळ चिठ्ठी सांगते म्हणून! माझ्याकडे कारण असतं. धक्क्यावर एक वाघीण अर्धी उतरवलेली, तिच्या मागची रिकामी चाळीसगावला (फाटा जिथून फुटतो त्या जंक्शनला) न्यायची. मग अर्धी बाहेर काढा, रिकामी सोडवा, अर्धी परत होती तिथंच लावा, हमाल खोळंबलेत. अशी कामं रोज बदलतात.

भुसावळवाला: दोघंही जुन्या काळात अडकलात भो. आता सगळं पूर्ण रेकनं, म्हणजे एकाच मालाच्या अख्ख्या गाडीनं चालतं. सावदा-रावेरची केळीही अख्ख्या रेकनं दिल्लीला गेलीय. सुट्या वाघिणी राहिल्या कुठं? खरं दाखवायचं तर दीपनगरच्या वीजकेंद्राची कोळशाची रेक दाखवा.

तापीकाठ: 58 बॉक्सएन (कोळशाच्या उघड्या) वाघिणी एचओत सात मीटरच्या वर जातात. माझी भिंत तेवढी नाही. आणि रेक आली, रिकामी झाली, गेली. त्यात शंटिंग कुठं? म्हणूनच काळ मागचा घेतला.

जामनेर_लाइन: पाचोरा-जामनेरची नॅरो गेज घ्या की. 762 मिलिमीटरचे रूळ 1:87 मध्ये जेमतेम 9 मिलिमीटर होतात, एन या लहान स्केलचे रूळ चालतात. वळणंही आखूड.

सांधेवाला: ते छान दिसेल, पण यांना माल हलवायचाय. तापीकाठ, तुमचं कारण मान्य. लांबी मात्र मोजा. चारचाकी वाघीण साधारण 10 सेंटीमीटर, छोटं इंजिन 13. लुपात पाच वाघिणी, म्हणजे 50 मोकळे. टोकाला इंजिनापुरते 15. दोन्ही सांध्यांचे 40. आणि चाळीसगावकडे इंजिनासह पाच वाघिणी मागं ओढायला 65. झाले 170. उरलेल्या 70 मध्ये पडद्यामागचं चाळीसगाव (गाड्या लपवून ठेवायची जागा) बसवा. ते 65 कापलेत, तर प्रत्येक शंटिंगला गाडी पडद्यामागं घुसेल.

तापीकाठ: 65 कापणार नाही. कोळशाची सायडिंग एका वाघिणीनं आखूड करतो.

सांधेवाला: कोळशाची नको, कापसाची करा. कोळसा एकदम येतो.