पोलीस लाईनमधले जुने क्वार्टर घ्यावे, की घरभाडे भत्ता चालू ठेवावा?

बदलापूरकर_गृहिणी यांचा प्रश्न

माझे पती मुंबई पोलीस दलात शिपाई असून त्यांच्या नोकरीला दहा वर्षे होत आली आहेत. निवासस्थानाच्या प्रतीक्षा यादीतले त्यांचे नाव आता वर आले असून मध्य मुंबईतल्या एका जुन्या लाईनमध्ये साधारण 180 चौरस फुटांची खोली मिळू शकते. सध्या आम्ही बदलापूरला वन बीएचके भाड्याने घेऊन राहतो. घरात सासूबाई आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. खोली मी स्वतः पाहून आले. मोरीवरच्या छताचा गिलावा सुटून गंजलेल्या सळया दिसत आहेत, खिडकीखालची भिंत हाताला ओली लागते आणि शौचालय मजल्याच्या टोकाला, सामाईक आहे. दुसरीकडे, बंदोबस्त संपवून निघेपर्यंत शेवटची कर्जत लोकल गेलेली असली, की पती पोलीस ठाण्यातच बाकावर झोपतात. अशा वेळी काय करावे? खोलीच्या दुरुस्तीची जबाबदारी नेमकी कोणाची असते?

निवृत्त_सहायक_फौजदार

ताई, माझे मत विचाराल तर खोली घ्या, मात्र आज जशी आहे तशी ताब्यात घेऊ नका. लाईनमधल्या बहुतेक जुन्या इमारतींची देखभाल सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते आणि वाटप पोलीस दलाकडे. त्यामुळे तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला दोन्हीकडून एकमेकांकडे बोट दाखवले जाते. ताबा घेण्यापूर्वी छत, मोरी, वायरिंग आणि दारे-खिडक्या यांची छायाचित्रे काढा, त्यांसह दोन्ही कार्यालयांना लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. विजेच्या मीटरवर आधीच्या रहिवाशाची थकबाकी आहे का, हेही तपासा, कारण ती नव्या माणसाच्या गळ्यात पडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. उघड्या सळयांखाली मुलांना झोपवून दुरुस्तीची वाट पाहू नका. आधी छत, मग सामान.

खोली घ्या असे म्हणण्याचे कारण झोप. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 28 प्रमाणे पोलीस सदैव कर्तव्यावर असल्याचे मानले जाते. देवनार पोलीस ठाण्यात 2016 साली आठ तासांच्या पाळीचा प्रयोग सुरू झाला त्याचे आम्हा सगळ्यांना अप्रूप होते, पण गणेशोत्सव, 6 डिसेंबर किंवा निवडणूक आली, की घड्याळ बाजूला पडते. अशा बारा-चौदा तासांच्या ड्युटीनंतर दोन तास लोकलमध्ये काढणारा माणूस घरी फक्त कपडे बदलायला येतो.

लेखाशाखा_लिपिक

पैशांचेही पाहू. शिपायाची वेतनश्रेणी 21,700 पासून सुरू होते आणि दहा वेतनवाढींनंतर मूळ वेतन 29,300 च्या आसपास पोहोचते. मुंबईसाठी सातव्या वेतन आयोगात घरभाडे भत्त्याचा दर 24 टक्के ठरला आणि महागाई भत्ता वाढत जाईल तसा तो 27 व पुढे 30 टक्के करण्याची तरतूद ठेवण्यात आली. 30 टक्क्यांनी हिशेब केला तरी हाती 8,790 रुपये येतात. एवढ्या पैशांत दादर-परळ भागात कोणी खोली देणार नाही. भत्ता दर मुंबईचा, पण त्यातून घर मिळते ते बदलापूर-विरारचे. क्वार्टरचा ताबा घेतला की हा भत्ता बंद होतो. म्हणून ताबा नेमका कोणत्या तारखेला घेतला हे कागदावर स्पष्ट असू द्या, नाहीतर पुढे वसुली निघते.

वरळीची_चाळ

वरच्या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट राहून गेली आहे. क्वार्टर हे घर नव्हे, हे मनाशी पक्के करूनच आत जा. त्याच अधिनियमाचे कलम 31 सांगते, की शासनाने दिलेली जागा सेवा संपताच, किंवा शासनाला आवश्यक वाटेल तेव्हा, रिकामी करावी लागते. माझे बालपण बीडीडी चाळीत गेले: 160 चौरस फुटांची खोली, एका मजल्यावर वीस बिऱ्हाडे आणि मधून जाणारा अंधारा व्हरांडा. शेजारचे गिरणी कामगार भाडेकरू होते आणि आम्ही सेवा-निवासस्थानातले. तीच भिंत, तोच नळ, पण पुनर्विकास आल्यावर फरक कळला. चाळीतल्या भाडेकरूंना 500 चौरस फुटांचे घर मोफत ठरले. पोलीस कुटुंबांना मात्र 2022 साली आधी 50 लाख, मग 25 लाख आणि शेवटी 15 लाख रुपये अशी किंमत सांगण्यात आली. ती खाली आली तीही बऱ्याच आरडाओरडीनंतर. ज्यांच्या दोन-दोन पिढ्या त्या खोलीत गेल्या, त्यांनाही आपण मालक तर नाहीच, भाडेकरूही नाही, हे तेव्हा उमगले. (शेजाऱ्यांना घर मिळू नये असे माझे अजिबात म्हणणे नाही.)

तेव्हा खोली घ्या, पण बदलापूरला किंवा गावाकडे स्वतःचे काहीतरी उभे करण्याचा विचार आत्ताच सुरू करा. पन्नाशीत, मुलीचे लग्न आणि निवृत्ती एकाच सुमारास आल्यावर घर शोधणारी कितीतरी कुटुंबे लाईनमध्ये मी पाहिली आहेत.

बदलापूरकर_गृहिणी

सर्वांचे आभार. सासूबाईंच्या गुडघ्यांना रात्री सामाईक शौचालयापर्यंत जाणे झेपणार नाही, ही माझी मुख्य अडचण आहे. खोली नाकारली तर यादीतला क्रमांक जातो का?

निवृत्त_सहायक_फौजदार

तो नियम वाटप करणाऱ्या कार्यालयालाच लेखी विचारा, तोंडी उत्तरावर जाऊ नका. थेट नकार देण्याआधी सासूबाईंचे वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून तळमजल्यावरच्या, शक्यतो आत शौचालय असलेल्या खोलीसाठी विनंती अर्ज करा. शैक्षणिक वर्ष संपले, की निवृत्त मंडळी लाईनमधून बाहेर पडतात आणि खोल्या रिकाम्या होतात. अर्ज त्याआधी टेबलावर पोहोचलेला असू द्या.