मदत हवी आहे: मामेभावाला जामीन राहायला 'नाही' कसं सांगायचं?

मधला_भाऊ:
नमस्कार मंडळी. प्रश्न सरळ आहे, उत्तर तोंडातून निघत नाही. मामेभावाला पिकअप घ्यायचीय. पतसंस्थेचं ८ लाखांचं कर्ज, दोन जामीनदार लागतात, आणि त्यातला एक मी हे घरच्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. आधीचे उसने दीड लाख आहेत, त्यातले ४० हजार परत आले. जामीन राहायचं नाही हे माझं आणि बायकोचं पक्कं आहे. पण फोन आला की "बघतो" म्हणतो आणि रात्रभर छताकडे बघत पडतो.
१) जामीन राहिलं तर नेमकं काय अंगावर येतं?
२) नातं शाबूत ठेवून नकार कसा द्यायचा?
('संबंध तोडा' असले सल्ले नकोत. मामीच्या हातचं खाऊन मोठा झालोय.)

चिवडा:
आपल्याकडे "बघतो" म्हणजे "हो"च. आधी तो शब्द बंद करा.

वसुलीदप्तर:
पहिल्याचं उत्तर देतो. "नुसती सही तर करायचीय" असं कुणी म्हणालं तर त्याने जामीनपत्र वाचलेलं नाही असं खुशाल समजा.

भारतीय करार कायदा १८७२, कलम १२८: करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. "आधी त्याची गाडी विका, मग माझ्याकडे या" हे चालत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच ते स्पष्ट केलंय.

पतसंस्थेच्या बाबतीत आणखी एक. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम १०१ खाली संस्था सहकार खात्याच्या निबंधकाकडून थेट वसुली दाखला मिळवू शकते, दिवाणी दावा लावावा लागत नाही. अर्जात कर्जदारासोबत जामीनदारांनाही घेतात. दाखला हातात आला की पुढचं पाऊल जप्तीचं. आणि जो पगारदार असतो त्याच्याकडे पहिली नजर जाते, कारण त्याचा पगार कुठे जमा होतो ते माहीत असतं. कागदांच्या गठ्ठ्यात पगारकपातीचं संमतिपत्रही असू शकतं. त्यावर सही झाली तर कलम ४९ खाली तुमच्या कंपनीला पगारातून कापून संस्थेकडे भरावं लागतं.

सही करून नंतर मागे फिरू म्हणाल, तर मुदत कर्जाची रक्कम उचलली गेली की ते तुमच्या हातात राहत नाही. संस्थेने दुसरा जामीनदार मान्य केला तरच सुटका. लेखी नोटीस देऊन पुढच्या व्यवहारांपुरता जामीन काढून घेणं कॅश क्रेडिटसारख्या (लागेल तसं उचलायचं-भरायचं) कर्जखात्यात जमतं, इथे नाही.

तुम्ही भरलेले पैसे करार कायद्याच्या कलम १४५ खाली भावाकडून मागता येतात, पण ते दावा लावून. म्हणजे ज्या नात्यासाठी सही केली तेच कोर्टात उभं.

अवांतर: मालवाहतुकीची गाडी असेल तर भावाला बँकेत मुद्रा कर्जाची चौकशी करायला सांगा. १० लाखांपर्यंत तारण लागत नाही.

शांतारस:
आता दुसरा प्रश्न. तुमचा निर्णय झालेला आहे, फक्त तो कळवलेला नाही. झोप उडते ती बहुधा या मधल्या अवस्थेत. "बघतो" म्हटल्यावर समोरचा आशेवर राहतो, पुन्हा फोन करतो, आणि तुम्ही तोच नकार मनातल्या मनात रोज नव्याने देता.

कारणं देऊ नका. कारण दिलं की त्यावर तोडगा येतो. "हप्ते चालू आहेत" म्हणालात तर "मग संपल्यावर?" "बायकोला पटत नाही" म्हणालात तर फोन तिला जाणार, आणि पुढची दहा वर्षं वाईटपणा तिच्या माथी. नियम सांगा: "आम्ही कुणालाच जामीन राहत नाही." नियमाशी घासाघीस करणं अवघड असतं. मात्र तो खरा पाळा. पुढच्या वर्षी साडूला सही दिलीत तर मामेभावाचं तोंड तुम्हाला बंद करता येणार नाही.

दुसरं म्हणजे, नकारानंतर पहिले दोन-तीन आठवडे दबाव वाढतो. जास्त फोन, टोमणे, "मोठा झालास रे". आपलं चुकलं असं तिथेच वाटायला लागतं. खरं तर जी युक्ती आजवर चालत आली ती समोरचा आणखी जोर लावून पाहतो, इतकंच. दहाव्या फोनला हो म्हणालात तर पुढच्या वेळी दहा फोन करायचे असतात हे तुम्हीच शिकवलंत.

अपराधी वाटेल. वाटू दे. त्या भरात फोन मात्र उचलू नका.

झोपेची तक्रार दोनेक आठवडे हटली नाही तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर बोला. मोफत आहे, २४ तास चालतं, मराठीत बोलता येतं.

मधला_भाऊ:
दोघांचे आभार. कलम ४९ वाचून घाम फुटला. अडचण अशी की भाऊ थेट बोलत नाही, सगळं आईमार्फत येतं. मेसेज लिहिलाय, बघा जरा:

"दादा, सॉरी रे. सध्या आमचं होम लोन चालू आहे आणि हिचंही म्हणणं आहे की आत्ता जामीन नको. पुढे बघू. राग मानू नकोस."

चिवडा:
"बघू" परत आलं!

शांतारस:
"सॉरी" काढा, गुन्हा केलेला नाही. "सध्या", "आत्ता" आणि "पुढे बघू" या तिन्हींतून दार किलकिलं राहतं. होम लोन आणि "हिचं म्हणणं" का नको ते वर आलंच आहे. "राग मानू नकोस" हेही काढा. त्याला राग येईल, तो त्याचा हक्क आहे. उरतं ते असं:

"दादा, मी जामीन राहणार नाही. कुणालाच राहायचं नाही असं आम्ही दोघांनी ठरवलंय. मुद्राच्या अर्जासाठी बँकेत यायचं असेल तर शनिवारी सकाळी येतो."

शेवटचं वाक्य खरंच जाणार असाल तरच ठेवा.

आईला एवढंच: "दादाला थेट मला फोन करू दे." निरोप्याचं काम तिच्याकडून काढून घ्या, तीही त्यात पिचत असते. आणि मेसेज पाठवायच्या आधी मामीला स्वतः फोन करा. तिला हे दुसऱ्याकडून कळायला नको.